पायाच्या अंगठ्यातला दोरा

आमच्या घरात पाय उचलून चालायचं नाही, घासत चालायचं, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. जमिनीवर कुठे ना कुठे मणी पडलेला असायचाच, आणि उचललेला पाय त्यावर पडला की मणी तरी फुटायचा नाही तर टाच तरी. पाहुण्यांना हे माहीत नसायचं. ते ताठ चालत यायचे आणि उंबऱ्याच्या आत आल्या आल्या ‘हाय हाय’ करत एका पायावर नाचायचे. तळोद्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं हे पटवेकऱ्याचं घर. सोनाराचं काम संपलं की आमचं सुरू व्हायचं. त्यानं घडवलेले मणी, वाट्या, पदकं आमच्याकडे यायची आणि आम्ही ती रेशमात ओवून, गाठवून गळ्यात घालण्याजोगी करायचो. बा बाहेरच्या ओट्यावर करगोटे, गोंडे, ताईत असलं काम करायचा. नाजूक मण्यांचं काम आतल्या खोलीत खिडकीखाली बसून माझी फुई, म्हणजे बाची थोरली बहीण केसर, करायची. सकाळी पितळेच्या परातीत काळे मणी ओतल्याचा सर्र आवाज झाला की उजाडलं असं मी समजायची. मायचं पीठ चाळणं त्याच वेळी चालू व्हायचं. ती कळणाचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ पुन्हा पुन्हा चाळायची आणि चुलीपुढून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, “भाकरीमा मणी निंघना तं दात तुम्हना जाई, नाव मन्हं खराब व्हई.”

फुईचं लग्न झालं होतं आणि नव्हतंही. तिचे यजमान, म्हणजे फुवा, सुरतेकडे कामाला म्हणून गेले ते सुरुवातीला सणाला यायचे, मग नुसते निरोप यायचे, मग निरोपही आटले. फुई आमच्याकडेच राहिली. कुणी तिला टाकलेली म्हणत नव्हतं, कारण ती कपाळभर कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची आणि गळ्यातली पोत (मंगळसूत्राला आमच्याकडे पोतच म्हणतात) दर संक्रांतीला स्वतः नव्या रेशमात ओवून घ्यायची. तेवढा वेळ गळा मोकळा राहू नये म्हणून हळदीचा दोरा बांधायची. सुरतेची एसटी बसस्टँडावर वळताना भोंगा वाजवायची तो आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. त्या क्षणी फुईची सुई हवेत थांबलेली मी किती वेळा पाहिली असेल. मग थोड्या वेळानं सुई पुन्हा मण्यात शिरायची आणि मगच मी माझ्या कामाकडे वळायची. मी तशी जन्माची भित्री. आजही फोन वाजला की आधी हात छातीवर जातो आणि मग फोनकडे. माझी नात मला त्यावरून चिडवते. तिला काय सांगणार, आमच्या घरात भिण्याचं शिक्षण मणी ओवण्याच्या आधी मिळायचं.

आणि भिण्यासारखं होतंही. नवरीची पहिली पोत ओवायची तर ती सवाष्णीच्या हातानं, हा आमच्या घरचा नेम होता आणि गिऱ्हाइकाची अटही. बा पुरुष, तो ती ओवत नसे. माय सवाष्ण होती, पण ती शेतकऱ्याच्या घरातून आलेली. तिच्या हातात सुई दिली की ती आधी पायात रुतलेला काटा काढायची. म्हणजे उरली फुई. तापीकाठच्या गुजर पाटलांपासून शहाद्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत लोक तिच्या हातची पोत मागायचे. तिच्या हातचे मणी एकमेकांना चिकटूनही बसत नसत आणि मधे फटही दिसत नसे. काम करायची रीत अशी की रेशमाला मेण लावायचं, त्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, गुडघा ताठ करून दोरा ताणायचा आणि मग ओवायला लागायचं. आधी दोऱ्याला हळदकुंकू. एकदा नवरीच्या पोतीचा दोरा अंगठ्यात अडकवला की शेवटची गाठ पडेपर्यंत उठायचं नाही, दोरा सैल सोडायचा नाही, दातानं तोडायचा नाही. मणी सांडले तर ‘सांडले’ म्हणायचं नाही. हे सगळं मी तिच्याशेजारी बसून, तिच्या सुयांत दोरे घालून देता देता शिकले. घर फुईच्या हातावर चालत होतं, आणि तो हात तिच्या कपाळावरच्या कुंकवावर. हे कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही, पण मला ते कळत होतं.

त्या वर्षी माघातल्या एका मुहूर्तावर पाटलांच्या लीलाचं लग्न होतं. पाटील म्हणजे तापीकाठचं जुनं, मोठं घर. केळीचे बाग, ऊस, दारात जीप. त्यांच्या घरातल्या सगळ्या पोती फुईच्याच हातच्या. वाट्या आणि सोन्याचे मणी घेऊन पाटलीणबाई स्वतः आल्या होत्या आणि माझ्या मायच्या हातची डाळ-बट्टी खाऊन, फुईला साडी-चोळीचं आधीच सांगून गेल्या होत्या. काळ्या मण्यांच्या लडी मात्र कमी पडत होत्या. बानं त्या बाहेरून मागवल्या आणि पार्सल एसटीनं येणार म्हणून तो मला घेऊन स्टँडवर गेला. पार्सल मिळालं. आम्ही निघणार तोच सुरतेच्या गाडीतून आमच्या गल्लीतला मगन उतरला. तो तिकडे यंत्रमागावर कामाला होता. बाला पाहून त्यानं डोक्यावरची पेटी खाली ठेवली, टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच मी बाचा सदरा धरला.

“भाऊ, तुम्हले समजनंच व्हई ना?” मगन म्हणाला.

“काय?” बा म्हणाला.

“केसरबाईना मालक. दिवाळीना पहिलेच गया. तठलाच लोकेस्नी अग्नी दिना. माले वाटनं, तुम्हले कोणी निरोप देल व्हई.” मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि तरी मला ऐकू येईल असंच सांगितलं, की त्यांनी तिकडे दुसरं घर केलेलं होतं.

बानं मगनला चहा पाजला. चहा पाजला म्हणजे काय, त्याच्या तोंडाला कुलूप लावायचा प्रयत्न केला. लग्न होईपर्यंत गप्प राहा, असं त्याचा हात धरून सांगितलं. परत येताना बाजारातून न येता आम्ही मागच्या रस्त्यानं आलो. बा माझ्या पुढे चालत होता. मधेच थांबून, मागे न पाहता तो म्हणाला, “सुमे, घर काही बोलानं नही. पाटीलनं लगीन व्हई जाऊ दे. मंग मीच सांगसू.” मी मान हलवली. त्याला ती दिसली नाही, पण तो पुढे चालू लागला.

ही गोष्ट दोघांतच राहिली नाही. बानं परसात लाकडं फोडता फोडता मायला सांगितलं असावं, कारण संध्याकाळी तिचे डोळे लाल होते आणि तिनं वांगी भाजल्याच्या धुराला दोष दिला. मला तिनं चुलीजवळ ओढून विचारलं, “तुले ठाऊक शे ना?” मी हो म्हटलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “ती ओवनी तं पाप. नही ओवनी तं गावभर बोभाटा. काय करानं व माय?” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि मधे बसलेली फुई नव्या लडी उलगडत होती, मणी निवडत होती, आणि कुठल्याशा ओव्या गुणगुणत होती. ती आनंदात होती! मोठं काम हातात आलं की ती लहान मुलीसारखी व्हायची. सकाळी आरशापुढे बसून ती कुंकू रेखायची तेव्हा मी तिथून उठून जायची. मला तिच्यासाठी वाईट वाटत होतं का, की स्वतःसाठी भीती? खरं सांगायचं तर भीती. लीलाला मी पाहिलं होतं; पाटलीणबाईंबरोबर आली होती, माझ्याहून थोडी मोठी, हसताना तोंडावर पदर घेणारी. या पोतीमुळे तिचं काही वाईट झालं तर, असं मला रात्रंदिवस वाटायचं. तेव्हा मी यावर मनापासून विश्वास ठेवत होते. आज नाही ठेवत. तरी नव्या नवरीसाठी काम करताना हात अजून एकदा कपाळाला लागतोच, काय करणार.

गल्लीतून कुणी हाक मारली तरी मी आधी फुईकडे बघायची. मगनच्या घरासमोरून मी जात नव्हते. एकदा मगनची आई नळावर भेटली आणि माझ्याकडे इतकं कळवळून पाहू लागली की मी हंडा अर्धा भरूनच पळाले. मगननं आईला सांगितलं होतं हे मला तिथंच समजलं. मी ते घरी बोलले नाही. बोलून काय झालं असतं? बा आणखी एक चहा पाजायला गेला असता.

पोत ओवायचा दिवस आला. फुईनं न्हाऊन घेतलं, खिडकीखालची जागा सारवली, दोऱ्याला हळदकुंकू लावलं आणि फास अंगठ्यात अडकवला. बा त्या दिवशी ओट्यावर काम न करता आतल्या दारात येऊन उगाच उभा राहत होता. माय चुलीवर काहीतरी ढवळत होती, त्याला वासही येत नव्हता. मी फुईच्या शेजारी. काळे मणी, मधे सोन्याचा, पुन्हा काळे; दुपदरी पोत. तिची बोटं अशी चालत होती की मणी स्वतःहून सुईवर चढताहेत असं वाटावं. पहिली बाजू झाली. मधल्या वाट्या बसल्या. तिनं पोत थोडी उचलून उजेडात धरली आणि मला म्हणाली, “देख, कशी बठनी!” खरंच, तिच्या हातून याहून चांगलं काम झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, झालं, आता अर्धंच राहिलं, देवा आता अर्धंच राहिलं. तेवढ्यात ओट्यावरून रडण्याचा आवाज आला.

मगनची आई आणि तिच्याबरोबर गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. आमच्याकडे दुखवट्याला येणारी बाई दारापासूनच हेल काढून रडत येते. तशा त्या आल्या. मगनच्या आईला बिचारीला वाटलं असणार की इतक्या दिवसांत घरात सगळं उरकलं असेल, आपण भेटायला नाही गेलो तर वाईट दिसेल. ती पदर तोंडाला लावून आत आली आणि समोर फुई कपाळभर कुंकू लावून, पायात नवरीच्या पोतीचा दोरा ताणून बसलेली. तिचं रडणं तिथंच तुटलं. मग ती किंचाळल्यासारखी म्हणाली, “केसर व, तुन्हं कुकू पुसाई गयं ना व माय! आनी तू पोत ओवी ऱ्हायनी?”

फुईनं तिच्याकडे पाहिलं. “कोनी सांगं?”

“मन्हा मगननी. तुन्हा भाऊले सांगं ना त्यानी, मोटरस्टँडवर.”

फुईनं मान वळवली. बा दारात होता. “खरं शे का रे भाऊ?”

बानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. खाली पाहत राहिला. 

मला वाटलं, फुई आता ओरडेल, उठेल, कपाळ भिंतीवर आपटेल. ती हललीसुद्धा नाही. तिनं फक्त सुई कमरेच्या निऱ्यांत खोचून ठेवली, दोन्ही हात मागे घेतले आणि मांडीवर उपडे ठेवले. दोरा मात्र अंगठ्यात ताणलेलाच होता, गुडघा ताठ होता. उठता येत नव्हतं, कारण नवरीची पोत अर्धी होती. ओवता येत नव्हतं, कारण हात आता सवाष्णीचे नव्हते. एवढा वेळ मी ज्याला भीत होते ते समोर येऊन बसलं होतं, आणि घरात चार मोठी माणसं असून कुणालाच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. मायनं रडणाऱ्या बायकांना परसात नेलं. दुपारी पाटलीणबाई येणार होत्या. खिडकीतलं ऊन फुईच्या पायावर आलं, पाय थरथरायला लागला. तिला कळ लागली असणार.

“सुमी,” ती म्हणाली, “पाय धोयेल शेत का?”

“शेत.”

“कुवारी पोरना हात चालस. मन्हासमोर बठ. पाय लाव.”

मी बसले. माझा तळवा तिनं सांगितलं तसा तिच्या तळव्याला भिडवला. तिचा पाय गार पडला होता. तिनं अंगठा हळूहळू वाकवला आणि फास तिच्या अंगठ्यावरून माझ्या अंगठ्यावर सरकला, दोरा तसूभरही सैल न होता. मी वाकून सुई हातात घेतली, दोरा ताणून धरला, मग तिनं पाय ओढून घेतला. दोऱ्याचा ताण माझ्या गुडघ्यापर्यंत जाणवला आणि मला रडू फुटलं. “फुई, माले येवाव नही.”

“मी बठेल शे ना आठे. दोन काळा ले. सोनाना नंतर. घाबरानं नही.”

ती सांगत गेली, मी ओवत गेले. पोतीला तिनं बोट लावलं नाही. एकदा माझा मणी उलटा बसला, तिचा हात सवयीनं पुढे आला आणि मधेच परत गेला. तो परत गेलेला हात मला तिच्या सगळ्या दुःखाहून जास्त लागला. शेवटची गाठ मीच मारली. ती जरा जाड झाली. फुई म्हणाली, चालेल. मग ती भिंतीला धरून उठली, तिचे पाय पार आखडले होते, आणि आतल्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

पाटलीणबाई आल्या त्या हसतच. लीला बरोबर होती. हातात ओटीचं सामान. आमची तोंडं पाहून त्या थबकल्या. “काय व व्हयनं आठे?” बानं घसा खाकरला, त्याला काहीतरी गुळमुळीत सांगायचं होतं. फुईनं त्याला सांगूच दिलं नाही.

“पाटलीणबाई, आर्धी पोत मन्हा हातनी शे, आर्धी या पोरना हातनी. मन्हा मालक गया. माले आत्तेच समजनं, ओवता ओवता. तुम्हना जीव मानी तं लई जा.”

पाटलीणबाई मटकन खाली बसल्या. पोत त्यांच्यासमोर परातीत होती. लीला वाकून पाहत होती, तिनं हळूच म्हटलं, “ऱ्हाऊ दे ना व माय, कितली भारी दिसस.” तिच्या आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परात हातानं थोडी दूर सारून त्या म्हणाल्या, “केसर, तू सांगं नसतं तं मी हासत लई जाती. आते माले समजनं. उद्या पोरना पायले ठेच जरी लागनी तरी मन्हा मनमा हेच येई. मी काय करू, तूच सांग.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा पुष्कळ वर्षं राग केला. मग माझ्या मुली लग्नाच्या झाल्या आणि तो राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही.

“सुमी,” फुई उंबऱ्यावरून म्हणाली, “सोड सगळं. पहिलेपाईन ओव.”

फुईची अर्धी बाजू आधीची, माझी नंतरची; म्हणजे तिची काढायची तर सगळीच काढावी लागणार. मी माझी जाड गाठ सोडली आणि मणी परातीत ओघळू द्यायला लागले. आधी माझे गेले. मग वाट्या. मग तिचे. त्याच वेळी माय आणि परसातल्या बायका फुईला हाताला धरून चुलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. आत काय केलं ते मी पाहिलं नाही. पाट्यावर बांगड्या वाढवल्याचा आवाज मात्र ऐकू आला, आणि परातीत मणी पडत होते त्याचा. दोन्ही आवाज एकसारखे येत होते. पाटलीणबाई तिथंच बसून राहिल्या, मी पुन्हा पहिल्या मण्यापासून ओवायला बसले, आणि ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा ती पोत पुरी झाली. ती बरी होती. बरी म्हणजे गळ्यात घालण्याजोगी. माझं पहिलं काम म्हणून लोकांना मी हेच सांगते, पण ते कसं झालं ते सांगत नाही.

त्यानंतर आमच्याकडे पोतीचं काम थांबलं नाही, फक्त फुईकडे यायचं थांबलं. तोंडावर कुणी नाही म्हटलं नाही. “सुमीले सांगा,” असं ओट्यावरूनच सांगून लोक जायचे. माझ्या गाठी सुटायच्या. गिऱ्हाइकांच्या दोन सुना सुटलेली पोत घेऊन परत आल्या, बाचं तोंड उतरलं. घर चालेल की नाही याची चिंता मला होतीच, पण त्याहून मोठी चिंता फुईची होती. ती खिडकीखाली बसत नव्हती. परसात सुपात डाळ घेऊन बसायची आणि निवडून झालेली डाळ पुन्हा निवडायची. तिची बोटं कधी थांबायचीच नाहीत. पदराचे दोरे उपसायची, गव्हाचे दाणे ओळीत लावायची आणि मोडायची. भाकरी अर्धी टाकायची. मी विचारायला गेले की ही गाठ कशी मारू, तर तोंडानं सांगायची, पण मण्यांकडे पाहायची नाही. माय म्हणायची, होईल हळूहळू. मला वाटायचं, ही अशीच वाळून जाईल, आणि तिच्या हातातलं सगळं तिच्याबरोबर जाईल. कारण मला अजून काहीच येत नव्हतं.

फाल्गुन लागला. डोंगरातली माणसं होळीच्या बाजाराला जीपगाड्या भरभरून उतरायला लागली. घुंगरं, ढोलाची कातडी, रंगीत मणी यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही. त्यातल्याच एका सकाळी मोगीबाई आली. डोंगरातल्या काठी गावाच्याही वरच्या अंगाच्या पाड्यावरची ही बाई. दरवर्षी बाजारातून मणी घ्यायची आणि गळ्यातली रुंद पट्टी, म्हणजे बारीक मण्यांची जाळी विणलेली माळ, फुईकडून दुरुस्त करून न्यायची. घरी ती तिची भाषा बोलायची, आमच्याशी बाजारातली अहिराणी, तोडून तोडून.

“केसर कोठे शे?” तिनं ओट्यावर बसत विचारलं.

“ती आते बठस नही,” बा म्हणाला.

“काबरं? हात मोडना का?”

“तिना मालक गया.”

“मन्हा बी गया,” मोगीबाई म्हणाली. “मंग?”

 मोगीबाई उत्तराची वाट न पाहता घरातून सरळ परसात गेली, पाय घासत, आमच्यापैकीच एक असल्यासारखी. मी मागे धावले. तिनं फुईच्या सुपातली डाळ एका बाजूला केली आणि फडक्यातले मणी त्यात ओतले. लाल, पिवळे, पांढरे, निळे, काळे. तिला आणि तिच्या दोन सुनांना नव्या पट्ट्या पाहिजे होत्या. “होळी शे. गळा रिकामा ठेवीसन नाचू का मी?”

फुईनं मण्यांवर हात फिरवला.  काळे मणी तिनं बोटानं बाजूला लोटले. “काळा नको. हिरवा टाकसू.”

“काळा बिगर लाल कसा दिसी?” मोगीबाई म्हणाली. “मन्ही मायनी माळमा काळा व्हता. सूनना गळामा बी काळाच पाह्यजे.” आणि बाजारात मिरची घ्यायला म्हणून ती निघूनही गेली. नाही म्हणायला समोर कुणी उरलंच नाही.

फुई सुई घेऊन बसली, पण परसातच. भिंतीआड. आणि काळे मणी तिनं घेतले नाहीत. जाळीत काळ्याची जागा आली की ती पट्टी माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, “टाक.” मी टाकायची आणि परत सरकवायची. अशी एक पट्टी दोघींच्या मांड्यांवरून ये-जा करत वाढत होती. मला अजून धास्ती होती. गल्लीतलं कुणी भिंतीवरून डोकावलं तर? उद्या लोक म्हणाले, या घरात विधवेच्या हातचे मणी आहेत, तर माझ्याकडचंही काम जाईल? बा दिवसातून चारदा परसाचं दार लावून घ्यायचा. पण फुई दुपारची भाकरी पुरी खायला लागली होती, आणि पट्टीवर डोंगरांची टोकं अशी उमटत होती की मी पाहतच राहायची. मोगीबाईनं सांगितलेल्या नमुन्यात एक टोक होतं. फुई त्यात दुसरं घालत होती, छोटं, लालात पांढरं. आता प्रदर्शनात लोक माझ्या पट्ट्यांवर तेच टोक पाहून विचारतात, ही नक्षी कुठली? मी म्हणते, परसातली.

होळी अगदी तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. मायनं मला कळण दळायला गिरणीवर पाठवलं. सणाची गर्दी, माझा नंबर लागता लागेना. मी नुसती तळमळत होते, कारण तिसऱ्या पट्टीचा शेवट चालला होता आणि तिथं काळ्याची पूर्ण ओळ होती. फुई अडून बसली असेल, पट्टी तशीच पडली असेल, मोगीबाई जीपगाडीतून उतरेल आणि काम अपुरं दिसेल. गरम पिठाचा डबा कमरेवर घेऊन मी धावतच घरी आले, मागच्या दारानं. परसाचं दार सताड उघडं होतं. फुई उन्हात बसली होती, पाय पसरून, अंगठ्यात दोरा ताणलेला. पट्टी पुढे गेली होती. काळ्याची ओळ पुरी झाली होती, आणि तिच्यावर पुन्हा लाल सुरू झालं होतं.

मी आधी भिंतीकडे पाहिलं, कुणी पाहत तर नाही ना. मग दाराकडे. मग तिच्या हाताकडे. तिच्या सुईवर आणखी एक काळा मणी होता.

“तू येवानी वाट कितली देखू?” फुई मान वर न करता म्हणाली. “होळी काय आपलासाठे थांबी?”